टेप ड्राइव्ह लावला की सर्व्हर क्रॅश होतो? नवीन ॲडमिनसाठी पायरी-पायरीने तपास

रात्रीचा बॅकअप सुरू होतो, टेप फिरायला लागते आणि मध्येच कधीतरी अख्खा सर्व्हर बसतो. कुणाकडे ब्लू स्क्रीन येते, कुणाकडे लिनक्स पॅनिक होतं, कुणाकडे नुसतं सगळं गोठतं आणि पॉवर बटण दाबून धरण्याशिवाय इलाज राहत नाही. जुन्या पॅरलल स्कझीपासून आताच्या सॅस आणि फायबर चॅनलपर्यंत (ड्राइव्ह सर्व्हरला जोडायच्या या पद्धती) वेगवेगळ्या मशीनवर हा प्रकार मी निस्तरलाय, आणि नवीन लोक यात दिवसच्या दिवस घालवताना बघितलेत, म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. टेप ड्राइव्ह खराब असणं वेगळं आणि त्याच्यामुळे सर्व्हर पडणं वेगळं. ड्राइव्ह कितीही बिघडला तरी फार तर बॅकअप जॉब फेल व्हायला पाहिजे, सर्व्हर पडायला नको. तो पडतोय म्हणजे ड्राइव्हचा त्रास कुठल्यातरी सामायिक रस्त्याने ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचतोय, मग तो रस्ता कंट्रोलर असेल, केबल असेल, ड्रायव्हर असेल, पॉवर सप्लाय असेल. आपल्याला तो रस्ता शोधायचाय. घाईघाईत नवीन ड्राइव्ह मागवून बसवतात आणि सर्व्हर तरीही पडतच राहतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आत घडतं काय तेही समजून घ्या, पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच आहेत. ड्राइव्हने एखाद्या कमांडला वेळेत उत्तर दिलं नाही की सिस्टिम आधी ती कमांड रद्द करून बघते, मग त्या डिव्हाइसला रीसेट देते, तरी जमलं नाही तर अख्ख्या बसला (म्हणजे सगळी डिव्हाइसं ज्यावर जोडलेली असतात तो सामायिक मार्ग) रीसेट, आणि शेवटी कंट्रोलरलाच रीसेट. आता त्याच बसवर किंवा कंट्रोलरवर सिस्टिमची डिस्क पण असेल तर तिच्या चालू असलेल्या कमांडी पण उडतात. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, पेजफाइलमधून (मेमरीचा काही भाग जिथे डिस्कवर ठेवतात ती फाइल) एक पान हवंय आणि नेमकी तीच डिस्क जागेवर नाही, मग क्रॅश ठरलेलाच. अरुंद पुलावर एक ट्रक बंद पडला की मागची ॲम्ब्युलन्स पण अडकते, तसं.

हाताशी काय काय लागेल

- एक कोरी किंवा बिनकामाची टेप, जिच्यावरचा डेटा गेला तरी चालेल. ही वेगळी ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.
- चालू क्लीनिंग टेप. एलटीओ या टेपच्या प्रकाराची क्लीनिंग कार्ट्रिज साधारण ५० वेळा वापरता येते, संपलेली असेल तर ड्राइव्ह ती बाहेर टाकतो.
- खात्रीची दुसरी केबल, आणि पॅरलल स्कझी असेल तर दुसरा टर्मिनेटर (बसच्या टोकाला लावायचा छोटा भाग).
- एक साधं एचबीए कार्ड (सर्व्हरला ड्राइव्ह जोडायचं कार्ड), रेडचं म्हणजे अनेक डिस्का एकत्र करून चालवणारं नाही. असलं एक कार्ड ड्रॉवरमध्ये पडून असणं फार कामाचं आहे.
- ड्राइव्हच्या कंपनीचं डायग्नोस्टिक टूल. एचपीईचं लायब्ररी अँड टेप टूल्स, आयबीएमचं आयटीडीटी, बाकी कंपन्यांची पण आहेत.
- लिनक्सवर एलएस-स्कझी, एमटी, एसजी३-युटिल्स आणि एमटीएक्स ही पॅकेजेस.
- सर्व्हरच्या रिमोट मॅनेजमेंटचं लॉगिन, म्हणजे आयएलओ, आयड्रॅक किंवा साधं आयपीएमआय जे असेल ते.
- वही. खरंच वही. कुठल्या वेळी काय बदललं आणि काय झालं ते लिहायला.

पायरी १: आधी आजच्या बॅकअपची सोय करा

तपास दोनचार दिवस चालू शकतो आणि तेवढे दिवस बॅकअपशिवाय काढणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. वर हा सर्व्हर सारखा क्रॅश होतोय, म्हणजे डेटा बिघडायची शक्यता नेहमीपेक्षा जास्तच आहे. म्हणून कशालाही हात लावायच्या आधी बॅकअप दुसरीकडे वळवा, नेटवर्कवरची एखादी स्टोरेज, यूएसबी डिस्क, दुसऱ्या सर्व्हरवरची रिकामी जागा, काहीही चालेल. टेपचा शेड्यूल जॉब बंद करा, नाहीतर तुम्ही घरी झोपलेले असताना तो परत सर्व्हर पाडेल. क्रॅशच्या वेळी जी टेप आत होती ती बाजूला काढा, राइट-प्रोटेक्टची सरकपट्टी लॉकवर करा. तिच्यावरचा शेवटचा बॅकअप अर्धवट असू शकतो आणि त्यावर विसंबायचं नाही, पण आधीचं काही असेल तर ते वाचवायचंय.

आणि क्रॅशनंतर फाइलसिस्टिम तपासून घ्या. रेड ॲरे असेल तर तो डिग्रेड झालाय का तेही बघा, कारण बस रीसेटमध्ये एखादी चांगली डिस्क ॲरेतून बाहेर फेकली गेल्याचं बऱ्याचदा दिसतं आणि सगळ्यांचं लक्ष टेपकडे असल्यामुळे ते कुणी बघतच नाही.

पायरी २: क्रॅश नक्की कसला आणि नक्की कधी

"सर्व्हर क्रॅश होतो" एवढ्यावर काही होत नाही. चार प्रकार आहेत आणि चारांचे रस्ते वेगळे:

- ब्लू स्क्रीन किंवा कर्नल पॅनिक: ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतः थांबायचं ठरवलं. ड्रायव्हर, मेमरी किंवा सिस्टिम डिस्क हातची जाणं.
- गोठणं: पिंगला उत्तर येतं पण लॉगिन होत नाही, किंवा माउस हलतो पण काहीच उघडत नाही. डिस्कचं आयओ, म्हणजे वाचणं-लिहिणं, अडकल्याची ही खूण.
- एकदम बंद होणं किंवा रीस्टार्ट, काही मेसेज नाही: पॉवर, तापमान किंवा हार्डवेअर वॉचडॉग (मशीन गोठलं की आपोआप रीस्टार्ट करणारी सोय).
- बूटच न होणं: ड्राइव्ह जोडलेला असताना पोस्टमध्येच (सुरू होतानाची हार्डवेअर तपासणी) अडकतो, काढला की सुरू होतो. जोडणी, आयडीचा गोंधळ किंवा कार्डाचा बायोस.

आता वेळ. टेप आत ढकलल्या ढकलल्या पडतो का, लिहायला सुरुवात होताना, तास-दोन तासांनी, की शेवटी रिवाइंड आणि इजेक्टला? लोड होताना मोटर सुरू होते आणि करंट एकदम ओढला जातो, तेव्हा पडत असेल तर पॉवरवर संशय घ्या. बराच वेळ नीट लिहून मग पडत असेल तर गरम होणं, केबल किंवा एखादा ठराविक डेटा. रिवाइंड, इरेज किंवा शेवटापर्यंत जाणं या कमांडींना मुळातच जास्त वेळ लागतो, तिथे पडत असेल तर टाइमआउटकडे बघा. आणि दर वेळी त्याच फोल्डरला पडत असेल तर टेपचा संबंध नसण्याचीच शक्यता जास्त, ती गोष्ट पायरी ६ मध्ये सुटेल.

पायरी ३: लॉग वाचा, आणि लॉगमध्ये जे नाही तेही वाचा

विंडोजवर सिस्टिम इव्हेंट लॉग उघडा आणि क्रॅशच्या आधीच्या अर्ध्या तासातल्या नोंदी वेळेच्या क्रमाने लावा. हे नंबर ओळखता आले पाहिजेत: ९ म्हणजे डिव्हाइसने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही, ११ म्हणजे ड्रायव्हरला कंट्रोलर एरर दिसली, १५ म्हणजे डिव्हाइस अजून तयार नाही, १२९ म्हणजे डिव्हाइसला रीसेट दिला, १५३ म्हणजे डिस्कची कमांड पुन्हा करावी लागली. ४१ आणि १००१ क्रॅशनंतरच्या बूटमध्ये लिहिले जातात, पहिला सांगतो की मशीन नीट बंद झालं नव्हतं आणि दुसऱ्यात ब्लू स्क्रीनचा कोड असतो.

एक नमुना समजावून सांगतो. समजा १:४२ ला टेपच्या नावाने ९ नंबर आलाय. लगेच पाठोपाठ कंट्रोलरच्या ड्रायव्हरच्या नावाने १२९. मग १५३, पण हा टेपच्या नावाने नाही, डिस्क ० च्या नावाने. मग परत १२९, परत १५३, आणि त्यानंतर काही नाही, थेट सकाळच्या बूटचा ४१. हे चार-पाच ओळींचं चित्र दिसलं की समजा रस्ता सापडला: टेप अडकली, कंट्रोलर रीसेट झाला, त्यात सिस्टिम डिस्क सापडली. बघण्यासारखी जागा म्हणजे त्या ओळीतलं डिव्हाइसचं नाव. बहुतेक लोक फक्त इव्हेंटचा नंबर वाचतात आणि तो टेपचा की डिस्कचा हे बघतच नाहीत.

पण बऱ्याचदा लॉग अगदी स्वच्छ सापडतो आणि माणूस गोंधळतो. अहो, लॉग ज्या डिस्कवर लिहायचा तीच गेली असेल तर शेवटच्या नोंदी उतरणार कुठे? मेमरी डंपचंही (क्रॅशच्या वेळच्या मेमरीची नक्कल) तेच, तो पण डिस्कवरच उतरतो, त्यामुळे "डंप बनलाच नाही" हा देखील पुरावा आहे. अशा वेळी लॉग मशीनबाहेर न्या. लिनक्सवर नेटकन्सोल लावून कर्नलचे मेसेज दुसऱ्या मशीनवर पाठवा किंवा सिरीयल कन्सोल लावा, विंडोजवर निदान रिमोट कन्सोल उघडा ठेवा म्हणजे स्क्रीनचा फोटो तरी मिळेल.

ब्लू स्क्रीनचे कोड थोडक्यात: ७ए आणि ७७ म्हणजे पेजफाइलमधून हवं ते पान वाचता आलं नाही, डिस्कचा रस्ता तुटला. डी१ म्हणजे बहुतेक ड्रायव्हरची चूक, विंडबग या डंप वाचायच्या टूलमध्ये डंप उघडून ॲनालाइझ चालवला की कुठल्या ड्रायव्हरच्या फाइलवर बोट जातंय ते दिसतं. १२४ म्हणजे हार्डवेअरनेच तक्रार केलीय, सीपीयू, मेमरी किंवा पीसीआय एक्सप्रेस, तिथे टेपच्या ड्रायव्हरशी खेळत बसू नका.

लिनक्सवर आधीच्या बूटचे कर्नल मेसेज जर्नल-सीटीएलने काढा, म्हणजे मायनस के आणि मायनस बी मायनस १. केडंप (पॅनिकच्या वेळी मेमरी डंप साठवणारी सोय) चालू नसेल तर आत्ताच चालू करा. आणि इथे एक सापळा आहे ज्यात पुष्कळ जण अडकतात. टेपची वाट बघणारी प्रोसेस डी स्टेटमध्ये (आयओ पूर्ण होईपर्यंत अडकून राहायची अवस्था) जाते, तिला किल मायनस ९ ने पण मारता येत नाही, आणि १२० सेकंद झाले की कर्नल लॉगमध्ये टास्क अडकल्याची वॉर्निंग टाकतो. ती नुसती वॉर्निंग आहे. पण कुणीतरी हंग-टास्क-पॅनिक हे सेटिंग १ करून ठेवलं असेल तर तेवढ्यावरच कर्नल पॅनिक करतो. लिनक्सचा टेप ड्रायव्हर साध्या कमांडीसाठी ९०० सेकंद आणि इरेजसारख्या लांब कमांडीसाठी १४००० सेकंद थांबायला तयार असतो, म्हणजे टेप तिचं काम रीतसर करतेय आणि सर्व्हर मात्र दोन मिनिटांत स्वतःला पाडून घेतोय. सीस-सीटीएलमध्ये (कर्नलची सेटिंग्ज बघायची कमांड) हे हंग-टास्क-पॅनिकचं सेटिंग आधी बघा.

रिमोट मॅनेजमेंटचा हार्डवेअर लॉग पण उघडा. मेमरीची ईसीसी एरर, व्होल्टेज, पॉवर सप्लाय, पीसीआयची एरर, हे सगळं तिथे असतं आणि तो लॉग सर्व्हरच्या डिस्कवर अवलंबून नसतो.

पायरी ४: जोडणी हाताने तपासा

इथे घाई करू नका. पॅरलल स्कझी असेल तर सर्व्हर आणि ड्राइव्ह दोन्ही बंद करूनच केबलला हात लावायचा, चालू मशीनवर अजिबात नाही.

पॅरलल स्कझीचे नियम मोजकेच पण कडक. बसच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन हवं, मध्ये कुठेही नको. एका टोकाला सहसा कंट्रोलर स्वतः असतो, दुसऱ्या टोकाला केबलवर टर्मिनेटर, कारण एलव्हीडी (पॅरलल स्कझीचा कमी व्होल्टेजवाला प्रकार) ड्राइव्हच्या आत टर्मिनेटर नसतो, तो असेल असं गृहीत धरून केबल तशीच ड्राइव्हवर संपवली की बस कधी चालते कधी नाही. कंट्रोलरवर आत एक आणि बाहेर एक अशा दोन्ही केबली लावल्या असतील तर आता कंट्रोलर टोकाला नाही, मध्ये आलाय, त्याचं टर्मिनेशन ऑटोवर आहे ना ते बायोसमध्ये बघा. आयडी प्रत्येकाचा वेगळा, ७ सहसा कंट्रोलरचा. एलव्हीडी बसवर एक जरी सिंगल-एंडेड, म्हणजे त्याहून जुन्या पद्धतीचं डिव्हाइस लावलं तर अख्खी बस सिंगल-एंडेडवर उतरते, वेग पडतो, आणि एलव्हीडीला जी १२ मीटर केबल चालत होती ती आता चालत नाही. एचव्हीडी (जास्त व्होल्टेज) वाला जुना ड्राइव्ह एलव्हीडी कंट्रोलरला लावूच नका, पार्ट जळू शकतात. मागच्या बाजूला चिन्ह असतं ते बघून घ्या.

मग कनेक्टर. ६८ पिनचा कनेक्टर उजेडात धरून तिरका बघा. पिना दोन ओळीत सरळ दिसायला पाहिजेत, एखादी आत ढकललेली किंवा शेजारणीला टेकलेली असेल तर समोरून दिसत नाही, तिरकं धरल्यावर ओळीत खळगा दिसतो. अशी केबल सरळ करून वापरायच्या फंदात पडू नका, टाकून द्या. दोन्ही बाजूचे स्क्रू पूर्ण आवळलेले पाहिजेत, जाड केबलच्या वजनाने कनेक्टर एका बाजूने खाली येतो आणि तेवढ्यानेच पॅरिटी एरर सुरू होतात.

सॅसमध्ये टर्मिनेशन नाही, आयडी लावायचा नाही, त्यामुळे इथे केबल, कनेक्टरची क्लिक आणि कार्ड एवढंच. क्लिक लागली का ते केबल हलकी ओढून बघा. फायबर असेल तर टोकं साफ करा, केबल कुठे घट्ट वळली नाही ना बघा, आणि स्विचवर त्या पोर्टचे एरर काउंटर शून्य करून तासाभराने परत बघा.

ड्राइव्ह मशीनच्या आत बसवलेला असेल तर त्याची पॉवर कुठल्या वायरवर आहे तेही बघा. एकाच वायरवरून स्प्लिटर लावून डिस्का आणि टेप दोन्ही चालवल्या असतील तर टेपला स्वतंत्र वायर द्या.

पायरी ५: टेपला वेगळ्या कार्डावर न्या

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि वेळ कमी असेल तर पायरी १ नंतर थेट इथे या. टेप ड्राइव्ह आणि सिस्टिमच्या डिस्का एकाच कंट्रोलरवर ठेवायच्याच नाहीत. रेड कंट्रोलरला रिकामा पोर्ट दिसतो, केबल बसते, ड्राइव्ह दिसतो पण, आणि लोक खूश होतात. पण कित्येक रेड कंट्रोलर टेपला सपोर्टच करत नाहीत, त्यांचं फर्मवेअर डिस्कसाठी लिहिलेलं असतं आणि टेपने रिवाइंडला दीड मिनिट घेतलं की त्यांना ती मेलेली डिस्क वाटते. वेगळं साधं एचबीए लावा, तेही शक्यतो ड्राइव्हच्या कंपनीच्या कंपॅटिबिलिटी लिस्टमधलं.

कार्ड लावताना हवा खेळती आहे ना बघा. सर्व्हरची एचबीए कार्डं जोरदार पंख्यांचा हिशोब धरून बनवलेली असतात, टॉवरमध्ये कोपऱ्यात बसवली की हीटसिंक हात लावता येणार नाही इतका तापतो आणि मग लांब जॉबमध्येच एरर येतात, छोट्या टेस्टमध्ये नाही. स्लॉट बदलून बघणं पण फुकटचं आहे, तेही करा. टेपवरून बूट करायचं नसेल तर त्या कार्डाचा बूट बायोस बंद करा, पोस्टमध्ये अडकण्याचे बरेच प्रकार त्यानेच संपतात.

फायबर चॅनलवर हाच नियम झोनिंगला (स्विचवर कुणी कुणाशी बोलायचं ते ठरवणं) लागू. एचबीएच्या एकाच पोर्टवर डिस्क आणि टेप दोन्ही ठेवू नका, टेपसाठी वेगळा पोर्ट आणि वेगळा झोन.

वेगळ्या कार्डावर नेल्यावर दोनपैकी एक होईल. एकतर सर्व्हर पडायचा थांबेल आणि नुसता बॅकअप फेल होईल, म्हणजे मोठं संकट टळलं, आता ड्राइव्हचा आजार निवांत शोधा. किंवा तरीही पडेल, म्हणजे बस रीसेट हा रस्ता नव्हता, पुढे चला.

पायरी ६: दोन टेस्ट, ज्यांनी प्रश्न अर्धा होतो

पहिली टेस्ट: तोच बॅकअप, तेच सॉफ्टवेअर, त्याच फाइली, पण टेपऐवजी डिस्कवर. तरी सर्व्हर पडला तर टेप निर्दोष आहे. बॅकअपमध्ये प्रत्येक फाइल वाचली जाते, वर्षानुवर्षं न उघडलेल्या फाइली पण, त्यामुळे डिस्कवरचा एखादा खराब भाग किंवा स्नॅपशॉट ड्रायव्हरचा आणि अँटिव्हायरसचा झगडा फक्त बॅकअपलाच बाहेर येतो. मेमरीचंही तसंच, एरवी निवांत असलेलं मशीन रात्री कॅश भरून चालतं आणि खराब मेमरी तेव्हाच सापडते.

दुसरी टेस्ट: बॅकअप सॉफ्टवेअर पूर्ण बंद, त्याच्या सर्व्हिसेस पण बंद, आणि कंपनीच्या डायग्नोस्टिक टूलने किंवा लिनक्सवर डीडी या डेटा जसाच्या तसा लिहिणाऱ्या कमांडने टेपवर थेट लिहायचं. टेप बिनकामाचीच घाला, ही राइट टेस्ट आधीचा डेटा पुसते. डीडी वापरताना नुसते शून्य लिहू नका, ड्राइव्हचं हार्डवेअर कॉम्प्रेशन शून्यांना चिरडून टाकतं आणि टेपवर जवळपास काहीच जात नाही, टेस्टला अर्थ उरत नाही. आधी डिस्कवर रँडम डेटाची मोठी फाइल बनवा आणि तीच परत परत लिहा. ब्लॉक साइज बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये जेवढा आहे तेवढाच ठेवा, ६४ केबी किंवा २५६ केबी जो असेल तो, कारण काही कार्डं आणि ड्रायव्हर छोट्या ब्लॉकला नीट चालतात आणि मोठ्याला कोसळतात. तसं असेल तर सॉफ्टवेअरमधला ब्लॉक साइज कमी करून प्रश्न सुटतो, फक्त जुन्या टेप मोठ्या ब्लॉकच्या आहेत हे वहीत लिहून ठेवा, त्या वाचताना तोच साइज लागणार.

लिनक्सवर आणखी एक धोका: एसटी-० हे डिव्हाइस काम संपलं की टेप आपोआप रिवाइंड करतं, एनएसटी-० करत नाही. एसटी-० वर एकामागून एक दोन बॅकअप लिहिले तर दुसरा पहिल्याच्या डोक्यावर बसतो, आणि कुठेही एरर येत नाही.

टेस्ट लांब चालवा. पाच मिनिटं नीट चाललं म्हणजे झालं असं नाही, तुमचा नेहमीचा जॉब जेवढा वेळ चालतो तेवढा वेळ तरी लिहू द्या.

पायरी ७: ड्रायव्हर, फर्मवेअर आणि ड्राइव्हशी बोलणारे सगळे

एका ड्राइव्हशी एका वेळी एकानेच बोलायला पाहिजे. प्रत्यक्षात मॉनिटरिंग एजंट, हार्डवेअर मॅनेजमेंटची सर्व्हिस, जुनं काढायचं राहिलेलं दुसरं बॅकअप सॉफ्टवेअर, हे सगळे दर थोड्या वेळाने "आहेस का, तयार आहेस का" विचारत असतात. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये रिमूव्हेबल स्टोरेज नावाची सर्व्हिस पण हेच करायची. बॅकअप चालू असताना मध्येच असा प्रश्न आला आणि ड्राइव्ह गोंधळला की रीसेट. सर्व्हिसेसची यादी काढा, टेपला हात लावणाऱ्या सगळ्या बंद करून टेस्ट घ्या, मग एकेक चालू करा.

ड्रायव्हर कुणाचा लागलाय ते बघा. काही बॅकअप सॉफ्टवेअर स्वतःचा टेप ड्रायव्हर घालतात, ड्राइव्हच्या कंपनीचा वेगळा असतो, विंडोजचा वेगळा. सॉफ्टवेअर ज्याची शिफारस करतं तो एकच ठेवा, बाकी नुसते डिसेबल नाही तर काढून टाका.

फर्मवेअर ड्राइव्ह, एचबीए आणि सर्व्हरचा बायोस तिन्हीचं बघायचं. पण एका वेळी एकच अपडेट करा आणि प्रत्येकानंतर टेस्ट घ्या, नाहीतर सुटलं तरी कशाने सुटलं ते कळत नाही आणि महिन्याभराने परत आलं की शून्यातून सुरुवात. अपडेट चालू असताना पॉवर गेली तर ड्राइव्ह कायमचा जाऊ शकतो, यूपीएसवर असल्याशिवाय करू नका. आणि क्रॅश होणाऱ्या सर्व्हरवरून फर्मवेअर अपडेट करणं मला धोक्याचं वाटतं, ड्राइव्ह दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडून करा.

पायरी ८: आता ड्राइव्ह आणि टेप

ड्राइव्ह आपली तब्येत स्वतः सांगतो, ६४ फ्लॅग असतात, त्यांना टेपअलर्ट म्हणतात. टेपइन्फो किंवा डायग्नोस्टिक टूलने वाचता येतात. ४ म्हणजे टेप खराब, २० म्हणजे आत्ताच क्लीन करा, २१ म्हणजे क्लीनिंगची वेळ झालीय, ३० आणि ३१ म्हणजे ड्राइव्हच्या हार्डवेअरमध्येच बिघाड. ३० किंवा ३१ दिसला तर ड्राइव्ह दुरुस्तीला किंवा बदलायला, त्यात वेळ घालवू नका. क्लीनिंग ड्राइव्ह मागेल तेव्हाच, रोज रोज केल्याने हेड घासतं.

कुठल्या ड्राइव्हला कुठली टेप याचा गोंधळ खूप होतो. एलटीओ-७ पर्यंत ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचायचा आणि एक पिढी मागच्यावर लिहायचा. २०१७ ला आलेल्या एलटीओ-८ पासून हे बदललं, तो फक्त एलटीओ-७ आणि ८ घेतो, एलटीओ-६ वाचत पण नाही. एलटीओ-९ मध्ये तर नवी कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची मापं घेतो आणि त्याला २ तासांपर्यंत लागू शकतात. या वेळात ड्राइव्ह कशालाच नीट उत्तर देत नाही, लोकांना वाटतं हँग झाला, मग रीस्टार्ट, मग परत तेच. पहिल्या लोडला त्याला सोडून द्या, जॉब लावू नका, सगळ्या नव्या टेप आधीच एकेक करून तयार करून ठेवा.

बाहेरच्या स्टोअरमधून आणलेली गार किंवा तापलेली टेप लगेच घालू नका, सर्व्हर रूमच्या हवेत २४ तास राहू द्या.

आणि डेटा ड्राइव्हच्या वेगाने पोचत नसेल तर टेप थांबते, मागे जाते, परत पुढे येते. जवळ उभं राहिलं की आवाजातच कळतं, सलग घरघर नसून गर्र-टक-गर्र असं तुटक. याने सर्व्हर सहसा पडत नाही पण टेप आणि हेड दोन्ही झिजतात आणि रीट्राय वाढत जातात. आधी डिस्कवर बॅकअप घेऊन मग तिथून टेपवर उतरवणं हा यावरचा चांगला उपाय.

पायरी ९: सपोर्टला फोन करायच्या आधी

हे तयार ठेवा, नाहीतर पहिले दोन दिवस फक्त हेच मागण्यात जातात:

- ड्राइव्ह, एचबीए, सर्व्हर यांचे मॉडेल, सीरियल नंबर, फर्मवेअरचं व्हर्जन
- ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर आणि बॅकअप सॉफ्टवेअरचं व्हर्जन
- डायग्नोस्टिक टूलने ड्राइव्हमधून काढलेला सपोर्ट डंप, हा ड्राइव्हची पॉवर घालवायच्या आधी काढा
- मेमरी डंप किंवा पॅनिकचा फोटो
- क्रॅशच्या वेळा, आणि वहीतली "हे बदललं, हे झालं" ची यादी
- पायरी ६ च्या दोन्ही टेस्टचा निकाल

ड्राइव्हवाले सर्व्हरवाल्यांकडे बोट दाखवतात आणि सर्व्हरवाले ड्राइव्हवाल्यांकडे. त्या दोन टेस्टचे निकाल समोर ठेवले की हा खो-खो लवकर थांबतो.

पायरी १०: परत रोजच्या कामावर

एका रात्रीच्या यशावर विश्वास ठेवू नका. आधी काही रात्री टेपचा जॉब चालू द्या पण पायरी १ मधला पर्यायी बॅकअप पण चालूच ठेवा. पूर्ण बॅकअपची रात्र यातून गेलीच पाहिजे, छोट्या इन्क्रिमेंटलवर (फक्त बदललेल्या फाइलींचा बॅकअप) काही सिद्ध होत नाही. रोज सकाळी जॉब यशस्वी झाला एवढंच न बघता इव्हेंट लॉगमध्ये ९, ११ आणि १२९ आलेत का ते बघा. जॉब हिरवा आणि खाली १२९ ची रांग, असं दिसलं तर आजार आत आहेच.

मग रिस्टोअर करून बघा. नव्या जोडणीत लिहिलेली टेप घ्या, थोड्या मोठ्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणा आणि मूळ फाइलींशी चेकसम जुळवा. क्रॅशच्या काळात लिहिलेल्या टेप एकेक करून व्हेरिफाय करा, ज्या पूर्ण वाचल्या जात नाहीत त्यांच्यावर तारीख टाकून बाद म्हणून लिहा आणि रोटेशनमधून काढा. एवढं झालं की मगच पर्यायी बॅकअप बंद करा, आणि ते जास्तीचं एचबीए सर्व्हरमध्येच राहू द्या.